चार खांबांचा माळा

बुधीला लहानपणापासून एक खोड होती. कुठलीही वस्तू दिसली की ती चालते कशी हे कळेपर्यंत तिच्या जिवाला चैन नसायची. तिच्या लग्नात बँडवाल्यांचा जनरेटर बंद पडला तेव्हा सगळी वाडी नवरीला शोधत होती, आणि नवरी हळदीच्या अंगाने जनरेटरपाशी उकिडवी बसून आत काय अडलंय ते बघत होती. नवरा, म्हणजे पोशा, ही गोष्ट आज पंधरा वर्षांनीही चारचौघांत सांगतो आणि हसतो. पण जनरेटर चालू झाला होता की नाही हे त्याला विचारा, म्हणजे तो विषय बदलेल. चालू झाला होता.

तर ही बुधी आणि पोशा कर्जतहून चौक गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जरा आतल्या अंगाला, सुप्रियाताईंच्या फार्महाऊसवर राखणीला असत. मागच्या बाजूला त्यांना एक पक्की खोली दिलेली. पगार काही डोळे दिपवणारा नव्हता, पण खोलीच्या दारातून निघालं की पाच मिनिटांत टमटम मिळायची आणि मुलगी सोमी कर्जतच्या शाळेत वेळेवर पोचायची. सोमी नववीत होती. वाडीवरून जायचं तर आधी दोन तास डोंगर उतरायचा आणि मग रस्ता लागायचा. वाडीतल्या किती पोरींची शाळा त्या उतारावर सुटली ते बुधीला तोंडपाठ होतं, कारण त्यांतली एक ती स्वतः होती.

सुप्रियाताई ठाण्याच्या, दातांच्या डॉक्टर. पन्नाशी ओलांडलेली बाई, पण नाद काय, तर गाड्यांचा. वडलांची जुनी पेट्रोल जीप त्यांनी जिवापाड जपलेली. तिच्या खाली पाठीवर झोपून स्वतः पाने फिरवायच्या. पुढे पाठ बोलायला लागली तशी त्यांनी गॅरेजात गाडी उचलायची लिफ्ट बसवून घेतली. चार लोखंडी खांब, मध्ये दोन लांब पट्ट्या, गाडी त्या पट्ट्यांवर चढवायची आणि बटण दाबलं की सगळं अलगद वर. संक्रांतीनंतर खालापूरचा अझहर दोन माणसं घेऊन आला आणि त्याने दिवसभर खपून ती उभी केली.

ताईंनी मग त्या लिफ्टचा असा काही वापर केला की बघत राहावं. वर जीप, खाली नवी गाडी, म्हणजे एका गाडीच्या जागेत दोन. ऑइल बदलायचं तर उभ्याने. चिखल धुवायचा तर उभ्याने. एकदा तर पट्ट्यांवर फळी टाकून त्यांनी आंब्याच्या पेट्या थेट पोटमाळ्याच्या उंचीला नेल्या. पैसे टाकलेत तर पुरेपूर वसूल करायचे, असं त्या म्हणत. पोशाला आणि बुधीला मात्र सक्त ताकीद होती: गॅरेज झाडायचं, पुसायचं, पण मशीनला बोट लावायचं नाही.

बोट लावायचं नाही म्हटल्यावर बुधी काय करणार, तिने कान लावले. लिफ्ट वर जाताना खांबांतून आवाज यायचा, खट, खट, खट. चारी खांबांतून, जवळजवळ एकदम. होळीपर्यंत तो आवाज होता. होळीनंतर तो बंद झाला आणि लिफ्ट मुकाट्याने वर जायला लागली. बुधीने पोशाला विचारलं, आवाज कुठे गेला? पोशा म्हणाला, नवी वहाण चार दिवस करकरते, मग गप होते. बुधीला ते पटलं नाही. पण मालकिणीला नसत्या चौकशा कशा करायच्या, म्हणून ती गप्प बसली.

त्यातून तिच्यामागे दुसरंच लचांड होतं. उंदीर. आदल्या पावसाळ्यात, लिफ्ट यायच्या आधी, जीप चार महिने झाकून ठेवलेली होती आणि उंदरांनी तिच्या सगळ्या वायरी कुरतडून ठेवल्या होत्या. ताईंचा संताप झाला होता. राखण करता म्हणजे नेमकं काय करता, असं त्यांनी पोशाला विचारलं, आणि पुढच्या वेळी असं झालं तर दुसरी माणसं बघावी लागतील हेही सांगून टाकलं. बोलून त्या विसरल्या असतील. बुधी विसरली नव्हती. यंदा ज्येष्ठ लागताच ताईंनी जीप लिफ्टवर चढवून पार वर नेली आणि म्हणाल्या, आता उंदीर काय शिड्या लावणार आहेत का? त्या गेल्या, आणि तिसऱ्या दिवशी बुधीने खांबांच्या बुडाशी चुलीतली राख पसरली. सकाळी राखेवर पावलंच पावलं. शिडी कशाला लागते त्यांना, खांबाशेजारून गेलेली रबरी नळी होती की.

पोशाने विष घालू म्हटलं. विष खाल्लेले उंदीर जीपच्या सीटखाली जाऊन मरतील आणि दसऱ्यापर्यंत कुजतील, असं बुधीने त्याला सांगितलं. मग ती गॅरेजच्या मधोमध उभी राहून वर बघत राहिली. चार खांब. वर जपून ठेवायची वस्तू. खाली मोकळी जागा. आणि एकदम तिच्या डोक्यात उजेड पडला: हा तर माळा.

आता बुधीसारख्या ठाकर आदिवाशाच्या घरात माळा म्हणजे काय, ते माहीत असलेलं बरं. चुलीच्या वर बांबूचा माळा असतो आणि बी-बियाणं त्याच्यावर. खालच्या चुलीचा धूर रोज वर जातो, त्यामुळे भाताला कीड लागत नाही आणि उंदीर तिथे घर करत नाही. माळा बांधायचं मापही ठरलेलं. बाईने चुलीपाशी उभं राहून हात वर केला तर बोटं लागता कामा नयेत, टाचा उचलल्या की मात्र लागली पाहिजेत. त्याहून खाली असला तर जळेल, त्याहून वर असला तर धूर पोचणार नाही. बुधीने टाचा उचलून हात वर केला. ताईंचा माळा वीतभर उंच होता. चालेल, तिने मनाशी म्हटलं, धूर जरा जास्त करू.

तेव्हापासून दर सोमवारी आणि गुरुवारी बुधी खापरात निखारे घ्यायची, त्यावर निरगुडीचा ओला पाला टाकायची आणि ते खापर जीपच्या बरोबर खाली ठेवून शटर अर्धं ओढून घ्यायची. मशीनला बोटही लावलं नव्हतं, ताकीद मोडलेली नव्हती. राखेवरची पावलं आधी कमी झाली, मग दिसेनाशी झाली. बुधी खूश होती. वर पेट्रोलची टाकी आहे हा विचार तिच्या मनाला शिवलाही नाही. माळ्यावर काय भात असतो, नाहीतर नाचणी. माळ्यावर पेट्रोल ठेवलेलं कुठल्या ठाकराने पाहिलंय?

खापर ठेवताना हात वर करायची तिला सवयच लागली होती. आणि श्रावणातल्या एका गुरुवारी टाचा उचलल्यावर तिची बोटं थंड लोखंडाला लागली. तिने हात झटकन मागे घेतला. पुन्हा लावला. लागली.

घरी येऊन तिने पोशाला सांगितलं. तू वाढलीस, पोशा म्हणाला. बुधीने वाद घातला नाही. तिने कुंपणातली बांबूची काठी घेतली, जमिनीपासून पट्टीपर्यंत माप धरलं आणि विळ्याने खूण केली. पुढच्या गुरुवारी खूण दोन बोटं खाली करावी लागली. त्याच्या पुढच्या गुरुवारी आणखी एक बोट. गणपती झाले तोवर काठीवर पाच खुणा होत्या आणि बुधीचा हात टाचा टेकवून, वर कोपरात वाकवून, पट्टीला लागत होता. लोखंडाचा एवढा थोरला डोलारा, बटण बंद, मेन स्विच बंद, कुलूप लावलेलं, आणि तो आपल्या मनाने खाली येत होता. बुधीला भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगायचं तर आधी वाटलं नवल, आणि त्या नवलाने तिची झोप उडवली.

पोशाने काठी पाहिली तेव्हा मात्र तो हसला नाही. तो म्हणाला, ताईंना सांगायचं नाय. सांगितलं तर त्या पहिलं हेच विचारतील की तू तिथं हात वर करून काय करत होतीस. मग धुराचं निघेल. ताईंची जीव की प्राण जीप आणि तिच्याखाली विस्तव. खोली गेली समज. बुधीला हे कळत होतं. पण लिफ्ट का उतरतेय हे कळत नव्हतं, आणि ते जास्त सतावत होतं.

नवरात्रात एक दिवस तिने सोमीला शाळेत धाडलं आणि काठी घेऊन खालापूरची वाट धरली. टमटममध्ये शेजारच्या माणसाने विचारलं, म्हशी हाकायला निघालीस काय गं? बुधी म्हणाली, एक लोखंडाची म्हस हाय, ती बसायला लागलीय. टोलनाक्याच्या अलीकडे अझहरचं वर्कशॉप. तो एका ट्रकखालून बाहेर आला. काठी आणि काठी घेऊन आलेली बाई, दोन्ही त्याने नीट पाहून घेतली. बुधीने धुराचं काही सांगितलं नाही. एवढंच विचारलं, अझहरभाई, लिफ्ट आपली आपण खाली येती का?

अझहर म्हणाला, येत नाही. पण काठीवरच्या खुणांवरून त्याने अंगठा फिरवला. मग विचारलं, वर जाताना खट वाजतं का?

बुधी काठी टेकून पुढे वाकली. सात महिने जो प्रश्न ती मनात घोळवत होती तोच या माणसाने पहिल्या झटक्यात विचारला होता. होळीपासून नाय वाजत, ती म्हणाली.

अझहरने तिला खोक्यावर बसवलं, चहा मागवला आणि समजावून सांगितलं. लिफ्टला वर नेतं ते त्या रबरी नळीतलं तेल. पण वर धरून ठेवायचं काम तेलाचं नाही. चारी खांबांच्या आत शिडीसारखी भोकं असलेली पट्टी आहे. लिफ्ट वर जाते तशी दर भोकापाशी खिट्टी आत पडते, तोच तो खट. हवी तिथे पोचली की लिफ्ट किंचित खाली सोडायची, म्हणजे चारी खांब एकेक खट करतात आणि सगळा भार चार खिट्ट्यांवर बसतो. मग तेल संपलं तरी काही होत नाही. खट नाही म्हणजे खिट्ट्या पडत नाहीत. म्हणजे जीप नुसती तेलावर उभी आहे, आणि तेल कुठूनतरी झिरपतंय. आज बोटबोट उतरतेय. उद्या नळीच फुटली तर एका दमात येईल.

कुणी खाली उभं राहू नका, तो म्हणाला, मी मॅडमना फोन करतो. बुधी घाईने म्हणाली की नको, मीच सांगते. का, ते तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. दुसऱ्याच्या तोंडून गेलं तर आपण लपवलं असं होईल, एवढंच तिला वाटलं. घरी येऊन तिने ताईंना फोन लावला, पण ताईंच्या समोर पेशंट तोंड उघडून बसलेला. खंडेनवमीला येतेच आहे, लिफ्टची आणि जीपची पूजा करू, तेव्हा बोल, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. बुधीने त्या दिवसापासून खापर पेटवलं नाही, आणि सोमीला गॅरेजच्या बाजूला फिरकू दिलं नाही.

खंडेनवमीला सकाळी ताई आल्या. झेंडूच्या माळा, नारळ, पेढे, सगळं घेऊन. शटर वर केलं आणि नाक आक्रसून म्हणाल्या, धुराचा वास कसला? पोशाने लगेच सांगून टाकलं की शेजारच्या प्लॉटवर पाला जाळतात, तो येतो. बुधी काठी पाठीमागे धरून उभी राहिली. ताईंनी विजेरी घेतली आणि, पूजेआधी खालून एकदा बघून घेते म्हणत, सरळ जीपखाली गेल्या.

बुधी म्हणाली, ताई, ती खाली आलीय. लिफ्ट. बाहेर या.

ताई हसल्या. विजेरी वर रोखूनच त्यांनी सांगितलं की लिफ्ट अशी येत नसते, दोन टनांची क्षमता आहे तिची, तुला भास झाला असेल. बुधीने काठी पुढे केली. ताईंनी वळूनही पाहिलं नाही. त्या आणखी आत सरकल्या, इंजिनाच्या बरोबर खाली. वरच्या पट्टीतून तेलाचा एक थेंब त्यांच्या खांद्यावर पडला आणि तो त्यांना कळलाही नाही. बुधीला कळला. पोशा दारातून डोळ्यांनी खुणावत होता, गप बस म्हणून. बुधीच्या डोळ्यांसमोर खोली आली, टमटम आली, दप्तर पाठीला लावून धावणारी सोमी आली. एवढी वर्षं जपलेलं सगळं एका वाक्यावर येऊन ठेपलं होतं, आणि या बाईला तिथून बाहेर काढेल असं दुसरं वाक्य बुधीला सापडत नव्हतं.

"ताई," ती म्हणाली, "तुमी उभ्या हाव ना, तिथं मी पावसाळाभर विस्तव ठेवलाय. आठवड्यातून दोनदा."

ताई क्षणात बाहेर आल्या. चेहरा पांढरा पडलेला. मग त्यांच्या तोंडाचा पट्टा सुटला. वर पेट्रोलची टाकी आहे, निम्मी भरलेली, एक ठिणगी पुरली असती, गॅरेज गेलं असतं, तुम्ही गेला असता, ती पोर गेली असती, अक्कल गहाण ठेवली होती का? बुधी ऐकत होती. टाकीचं ऐकलं तेव्हा मात्र तिने मान वर करून जीपकडे पाहिलं. हे तिला खरंच सुचलं नव्हतं. आपण काय करत होतो हे तिला आत्ता, या घटकेला कळलं. पण ती जागची हलली नाही.

"माझी चूक हाय," ती म्हणाली. "मला काय बोलायचं ते मागनं बोला. आधी ही काठी लावून बघा."

तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, ताईंनी काठी घेतली. बाहेरच्या बाहेर उभं राहून पट्टीच्या कडेला लावली. सगळ्यात वरची खूण पट्टीच्या कितीतरी वर गेली होती. ताईंनी सगळ्या खुणा एकेक करून बोटाने चाचपल्या. मग विचारलं की माप का घेतलंस. बुधीने सगळं सांगितलं, माळ्यापासून खालापूरपर्यंत, आणि शेवटी होळीपासून अडलेला प्रश्न विचारला. ताई, ते खट कुठं गेलं?

ताईंची नजर बटणाच्या डब्याकडे गेली. तिथे दोन दांडे होते. एक खिट्ट्या उघडायचा, एक खाली यायचा. उतरताना दोन्ही हातांनी दोन्ही धरायला लागतात. ताई एकट्या, एका हातात विजेरी, म्हणून होळीच्या सुमारास त्यांनी खिट्ट्यांचा दांडा बुटाच्या लाल नाडीने बांधून टाकला होता. तेवढ्यापुरता. नाडी अजून तशीच होती. बुधी दर आठवड्याला ती नाडी न हलवता तिच्याभोवतीची धूळ पुसत आली होती, कारण मशीनला बोट लावायचं नव्हतं. ताई गॅरेजबाहेरच्या मोरीच्या कट्ट्यावर बसल्या आणि त्यांनी अझहरला फोन लावला.

अझहर तासाभरात आला. त्याने आधी सगळ्यांना गॅरेजबाहेर काढलं. चिकटपट्टी गुंडाळण्यासारखं काही न करता सरळ नळीचं तोंड आवळलं, तेल भरलं, नाडी सोडली आणि बटण दाबलं. खट, खट, खट, करत लिफ्ट वर गेली. सात महिन्यांनी तो आवाज ऐकून बुधीला रडू आलं, पण तिने ते दाखवलं नाही. वर पोचल्यावर अझहरने लिफ्ट किंचित खाली सोडली, खिट्ट्यांवर बसवायला. बसली, तो म्हणाला, आणि ताई आत जायला निघाल्या.

"थांबा," बुधी म्हणाली. "तीनच खांब वाजले."

अझहरने तिच्याकडे पाहिलं, मग शिडी लावून चारी खांब तपासले. मागच्या उजव्या खांबातली खिट्टी गंजून अर्ध्यात अडकली होती. त्याने ती साफ केली, तेल सोडलं, आणि ताईंना म्हणाला की मॅडम, माझ्याकडे दोन पोरं आहेत कामाला, त्यांना असा कान नाही. ताईंनी जीपचं बॉनेट उघडायला सांगितलं. सगळ्या वायरी जशाच्या तशा होत्या, फक्त वास निरगुडीचा. ताई त्या वायरींकडे आणि बुधीकडे आळीपाळीने बघत राहिल्या.

मग त्या म्हणाल्या की पुन्हा या गॅरेजात काडी पेटलेली मला चालणार नाही. बुधी म्हणाली, नाय पेटणार. उंदरांसाठी खांबांना आणि नळीला पत्र्याची उलटी टोपली बसवू, असं अझहरने सुचवलं. भाताच्या कणगीला तर आमी बसवतोच, बुधी म्हणाली, आणि स्वतःवरच चिडली, की हे आधी कसं सुचलं नाही. ताईंनी काठी हातात घेतली. बटणाच्या डब्याशेजारी खिळ्याला इंग्रजी सूचनांचा कागद टांगला होता, त्याच खिळ्याला त्यांनी ती काठी टांगली. "पुढच्या ज्येष्ठात जीप वर चढवताना तू इथे पाहिजेस," त्या म्हणाल्या. पोशाचा जीव भांड्यात पडला. त्याने उगाचच नारळाची शेंडी सोलायला घेतली.

पूजा राहिलीच होती. ताईंनी झेंडूच्या माळा बाहेर काढल्या आणि बुधीला बोलावून म्हणाल्या, बटण तू दाब. बुधीने पदराला हात पुसला आणि पहिल्यांदाच परवानगीने त्या मशीनला बोट लावलं. लिफ्ट एक भोक वर गेली. मग अझहरने दाखवलं तसं तिने ती अलगद खाली सोडली.

ताई हळदीकुंकवाचं तबक घेऊन शटरच्या बाहेर उभ्या होत्या. पाऊल उचललेलं, पण आत टाकलेलं नव्हतं. त्या बुधीकडे बघत होत्या. बुधीने डोळे मिटून मोजलं. एक, दोन, तीन. ती थांबली. चौथा वाजला तेव्हा तिने मान हलवली, आणि मगच ताई आत आल्या.